इरजचा चाळिसावा

नानवाल्याच्या रांगेत मी बराच मागे उभा होतो. कुणीतरी म्हणालं, "बाजूला व्हा, इरजचे वडील आहेत," तशी अख्खी रांग बाजूला झाली. बायकांनी डोक्यावरच्या चादरी सावरल्या, एका म्हाताऱ्यानं टोपी काढून छातीशी धरली आणि मला वाट करून दिली. मला घाई नव्हती. घरी जाऊन करायचं तरी काय होतं? पण शहिदाच्या बापाला रांगेत उभं राहू देत नाहीत, त्याला ढकलत पुढे नेतात, नवरदेवाला नेतात तसं. नानवाल्यानं भट्टीतल्या खड्यांवर भाजलेला लांबलचक नान काढला, त्याला चिकटलेला गरम खडा नखानं उडवला, नान माझ्या हातावर ठेवला आणि पैसे घेईना. "लाजवू नका, आगा," म्हणाला. मी म्हणालो, "अरे बाबा, नान घ्यायला आलोय, भीक मागायला नाही." तर तो रडायलाच लागला. हा माणूस गेली वीस वर्षं मला जळका नान खपवत आलेला. त्याचं ते पीठ लागलेलं रडकं तोंड बघवेना म्हणून मी भिंतीकडे पाहिलं, आणि भिंतीवर इरज होता. माझा इरज. खळ अजून ओली होती, त्यामुळे त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. फोटो माझ्या मेहुणीच्या लग्नातला. त्या लग्नात त्यानं निळा टाय लावला होता आणि आरशासमोर अर्धा तास गाठ मारत बसला होता. मी दारातून ओरडत होतो की नवरा तू नाहीस. भिंतीवरच्या फोटोत टाय नव्हता. कुणीतरी काळजीपूर्वक खोडून काढला होता, कारण शहीद टाय लावत नाहीत. खाली नाव होतं, 'महंमद इरज'. माझ्या मुलाचं नाव इरज. नुसतं इरज. मी ठेवलेलं. त्याच्याखाली लिहिलं होतं की जुलमी शाहच्या गोळीला बळी पडलेल्या या तरुणाचा चाळिसावा येत्या गुरुवारी जामा मशिदीत, आणि तिथून सगळ्यांनी कब्रस्तानापर्यंत चालत जायचं. मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्याच पोराच्या चाळिसाव्याचं आमंत्रण मला नानवाल्याच्या भिंतीनं दिलं. हातातला नान भाजत होता, तरी मी तो तसाच धरून उभा राहिलो.

गोळी. इरजला गोळी लागलीच नव्हती. हे एक वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलंय की आता ते माझ्या तोंडात गुळगुळीत झालंय, साखरेचा खडा दातात धरून चहा पीत गेलं की शेवटी होतो तसं. माझं काचेचं दुकान आहे. आमच्या कझवीनमध्ये यंदा काचेचा धंदा करणाऱ्याची चांदी आहे: आधी दारूची दुकानं फुटली, मग सिनेमा फुटला, मग चौकातली बँक. फोडणारे आमचेच, बसवणारे आम्हीच. बँकेची कोपऱ्यातली मोठी खिडकी बसवायला इरज गेला. बरोबर त्याचा मित्र बेहरूझ होता. हा द्राक्षमळ्यांच्या बाजूच्या एका खेड्यातला पोरगा, मास्तरकीचं शिकायला गावात खोली घेऊन राहिलेला. कॉलेज बंद, म्हणून मदतीला गेला. काच दोघांनी दोन बाजूंनी धरली होती. आमच्याकडे डोंगरावरून एक वारा येतो, त्याला 'मेह' म्हणतात. तो आला की आम्ही मोठी काच दुकानाबाहेर काढत नाही. सकाळी वारा नव्हता. रस्त्याच्या मध्यावर असताना तो आला, काच शिडासारखी फिरली, फुटली, आणि तिचा एक तुकडा इरजच्या मांडीत गेला, तिथे जी मोठी शीर असते तिच्यात. बस. एवढंच. बेहरूझनं आपला मफलर बांधला, हातानं दाबून धरलं, पण ती शीर कुणाला दबते? त्याच वेळी पलीकडच्या रस्त्यावर सैनिकांनी हवेत गोळ्या झाडल्या आणि तिकडून पळत आलेल्या लोकांनी पाहिलं, की बँकेसमोर एक तरुण रक्तात पडलाय आणि कोपऱ्यावर लष्कराचा ट्रक उभा आहे. कुणीतरी ओरडलं, "मारला!" त्या ओरडणाऱ्याला मी दोष देत नाही. मी असतो तरी तसाच ओरडलो असतो. मी दुकानातून धावत पोचेपर्यंत इरज लोकांच्या खांद्यावर गेला होता, कुठल्यातरी दुकानाच्या फळीवर, आणि मी त्याच्यामागे पळत होतो, आणि लोक मला म्हणत होते, "ढकलू नका आगा, सगळ्यांनाच हात लावायचाय." त्याच्या रक्तात तळवे बुडवून लोकांनी बँकेच्या भिंतीवर उमटवले होते. ज्या खिडकीची काच बसवायला तो गेला, तिच्या दोन्ही बाजूंना. पुढे काहींनी गोळी म्हटलं, काहींनी संगीन. वारा कुणीच म्हटलं नाही. वाऱ्याविरुद्ध घोषणा देता येत नाहीत.

घरी आलो तर माझी बायको तूबा परातीत खजूर घेऊन बसली होती. बी काढायची, आत अक्रोडाचा तुकडा घालायचा, पुढचा घ्यायचा. शेजारणी येऊन गेल्या होत्या, त्यांच्या गुलाबपाण्याचा वास खोलीत होता. रॉकेलची टंचाई म्हणून शेगडी विझवलेली, आणि तिनं गुडघ्यांवर इरजचा कोट घेतला होता. मी भिंतीवरचं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. फोटो मीच दिला."

"तू दिलास? आणि टाय?"

"टाय काढायचं मीच सुचवलं. लोकांनी नावं ठेवायला नकोत पोराला."

मी तिच्यासमोर बसलो. तूबाशी मी भांडत नाही असं नाही, बावीस वर्षं भांडत आलोय. पण इरज गेल्यापासून आमचं भांडणही नीट होत नाही, अर्ध्यावर सुटतं. मी म्हणालो, "तूबा, गुरुवारी गावात रणगाडा असणार. मशिदीत कितीही माणसं जमोत, मशिदीबाहेर पाऊल टाकलं की ते झाडणार. इरजच्या नावानं कुणाचं तरी पोर मरेल. तुला चालेल?" तिनं खजुरातली बी काढली, परातीच्या कडेला ठेवली. मग म्हणाली, "तुम्हाला काय हवंय? मी दारोदार जाऊन सांगू, माझा मुलगा वाऱ्यानं मेला? बँकेची काच बसवताना? पाचोळा उडतो वाऱ्यानं, माणसं नाही मरत. एकोणीस वर्षं मी त्याला वाढवला तो वाऱ्यासाठी?" मी म्हणालो, "पण खरं तेच आहे." ती म्हणाली, "खरं तुमचं तुम्ही ठेवा. तुमच्या दुकानात ठेवा, काचांमागे. शेजारची फखरी येते, माझे हात डोळ्यांना लावते. काल मशिदीच्या शेख साहेबांनी निरोप पाठवला की तू आता आमच्या सगळ्यांची आई. वाऱ्यानं मेलेल्याच्या आईकडे कोण येतं हो?" आणि पुढचा खजूर उचलला. मला राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना. तिच्या जागी मी असतो तर मीही शाहलाच धरलं असतं. निदान त्याचा फोटो तरी प्रत्येक कचेरीत लावलेला आहे, थुंकायला सोय आहे. मी एक खजूर उचलला तर तिनं माझ्या हातावर चापटी मारली. म्हणाली, मेलेल्याचा आहे, मोजून केलेत.

मी काही शाहचा माणूस नाही. हे लोकांना सांगावं लागतं याचाच मला संताप येतो. माझा धाकटा भाऊ सावाकच्या, त्याच्या गुप्त पोलिसांच्या, तुरुंगात राहून आला आणि आल्यापासून भिंतीकडे तोंड करून झोपतो. जावा शाह, उद्या जाणार असेल तर आज जावा, मी त्याचं सामान बांधून देतो. पण पंचवीस वर्षांपूर्वी मी तेहरानात काचवाल्याकडे शिकाऊ होतो तेव्हाचा एक ऑगस्टचा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. सकाळी एका रस्त्यावर लोक ओरडत होते, "शाह मुर्दाबाद," आणि दुपारी त्याच रस्त्यावर, मला तर वाटतं त्यातलेच काहीजण, ओरडत होते, "शाह झिंदाबाद." दोन्ही वेळा काचा फुटल्या. संध्याकाळी माझा मालक खूश होऊन म्हणाला, "पोरा, उद्या लवकर ये." त्या दिवशी रस्त्यात एक माणूस पडलेला पाहिला होता, सकाळचा मेलेला की दुपारचा, हे कुणी सांगू शकेना, आणि त्याच्या पायातला एक बूट कुणीतरी नेला होता. तेव्हापासून गर्दी दिसली की मी आधी तिच्या पायांकडे पाहतो. इरजला मी हे सांगितलं होतं. तो हसला होता. म्हणाला, "बाबा, तुम्ही क्रांतीतसुद्धा चपला मोजाल." तोही मोर्चात जायचा, मला न सांगता, आणि येऊन हातपाय न धुता थेट जेवायला बसायचा. मी समजायचो आणि बोलायचो नाही. तो कुठल्याही मोर्चात मेला असता तर मी गप्प बसलो असतो. छातीवर हात मारून गोळी म्हणालो असतो. पण तो काच नेताना मेला. मोर्चात चालणारा इरज होता तसाच टायची गाठ मारणारा होता, काच धरताना जीभ बाहेर काढणारा होता, आणि त्यांना यातला एकच हवा होता, तोही खोडून, सुधारून.

दुपारी बेहरूझ आला. तो रोज यायचा. तूबाला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा, तिच्यासाठी रॉकेलच्या रांगेत डबा धरून उभा राहायचा, आणि इरजच्या जागेवर कधी बसायचा नाही, दाराजवळ बसायचा. भिंतीवरची अक्षरं त्याचीच, मी ओळखली होती. मास्तरकी शिकणाऱ्याचं गोल, नीटस अक्षर. मी त्याला दुकानात नेलं, काचांच्या रांगेमागे, आणि म्हणालो, "तू होतास तिथे. दुसरं टोक तुझ्या हातात होतं. तुला माहीत आहे ना काय झालं ते?" तो म्हणाला, "माहीत आहे, उस्ताद." "मग गोळी कुठून आणलीस?" त्याच्या हातावर काचेचे व्रण अजून होते, दोन्ही तळव्यांवर, कारण त्यानं काच सोडली नव्हती. सोडायला हवी होती, पण सोडली नव्हती. मग म्हणाला, "उस्ताद, तो बँकेची काच का बसवत होता? ती फुटली म्हणून. का फुटली? लोक चिडले म्हणून. लोक का चिडले? मग सांगा, कुणी मारलं?"

"असं मोजायला लागलास तर माझ्या आईच्या दम्यालाही शाहच जबाबदार."

"असेलही," तो म्हणाला, आणि हसला, आणि मीही हसलो, कारण पोरगा गोड होता. मग मला हसल्याचा राग आला. मी विचारलं, "त्या गुरुवारी किती मरतील?" तो म्हणाला, "कुणी मरावं असं आम्हाला वाटत नाही." "पण मेले तर?" त्यानं शेजारच्या काचेवरची धूळ बोटानं पुसली. मी म्हणालो, "मी वर्तमानपत्र वाचतो, बाळा. आधी कूममध्ये मेले. त्यांच्या चाळिसाव्याला तबरीझमध्ये मेले. त्यांच्या चाळिसाव्याला यझ्दमध्ये. चाळीस दिवस रडायचं ते मेलेल्याचा जीव शांत व्हावा म्हणून, माझ्या आजोबांनी मला असं शिकवलं. तुम्ही त्याचं घड्याळ केलंत. दर चाळीस दिवसांनी टोला." त्याचं तोंड लाल झालं. म्हणाला, "आम्ही कुणावर गोळी झाडतो का? आमच्याकडे आहे काय? त्यांच्याकडे रणगाडे आहेत, आमच्याकडे फक्त आमचे मेलेले आहेत. राजा विनंतीअर्जावर गेलाय कधी, उस्ताद? तो आमच्या मरण्याला भितो. तेवढं एकच त्याला विकत घेता येत नाही." मी म्हणालो, "गोळी त्यांची, पण तारीख तुमची." हे मला ऐन वेळी सुचलं आणि मला वाटलं, आता हा निरुत्तर होईल. पण तो शांतपणे म्हणाला, "हो. तारीख आमची. गोळी झाडायची की नाही ते त्यांनी ठरवावं." मी म्हणालो, "निदान इरजला सोडा. दुसऱ्या कुणाचा चाळिसावा घ्या." तो म्हणाला, "या गावात दुसरं कुणी नाही, उस्ताद. इरजच आहे." हे त्यानं असं सांगितलं, की जणू मला अभिमान वाटायला हवा.

दुसऱ्या दिवशी लष्कराच्या कचेरीतून जीप आली. मेजर सभ्य होता. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला, स्वतःच्या मुलाचं दुःख असल्यासारखा चेहरा केला. म्हणाला, "आगा, आम्ही चौकशी केली. तुमचा मुलगा अपघातात गेला. काच, वारा. खरं ना?" इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी माझं वाक्य बोललं होतं. मला वाटलं होतं, कुणी हे बोललं तर मी त्याचे पाय धरीन. पण ते त्याच्या तोंडून ऐकलं आणि मला शिसारी आली. तेच शब्द, तोच वारा, आणि तो वारा मला खोटा वाटायला लागला, सरकारी. तो म्हणाला, "एवढंच रेडिओवर सांगा. दोन वाक्यं. लोक घरी बसतील, कुणाचा जीव जाणार नाही. तुम्हालाही तेच हवंय ना?" हवं होतं. अगदी तेच हवं होतं. साखरेचे खडे चांदीच्या वाटीत होते आणि मागे भिंतीवर शाह पूर्ण गणवेशात उभा होता, त्याच्या फोटोला माझ्याच दुकानाची काच. मी म्हणालो, "मेजर साहेब, तुम्ही त्या दिवशी गोळ्या झाडल्या नाहीत तर कुणी मरणार नाही. मला रेडिओवर कशाला नेता? रेडिओवर तुम्ही जा. सांगा की झाडणार नाही." तो हसला. "गर्दी झाली की मुलं घाबरतात," म्हणाला. मुलं म्हणजे त्याचे सैनिक. त्यांनाही आया असतील, इरजच्याच वयाचे असतील, कुठल्या कुठल्या खेड्यांतून आणलेले. मी उठलो. बाहेर पडताना जीप नको म्हणालो, चालत आलो. येताना ओळखीच्या दोघा-तिघांनी मला त्या फाटकातून निघताना पाहिलं आणि मान फिरवली. खरं बोलायला या गावात दोनच जागा होत्या, एक शाहचा रेडिओ आणि दुसरी मशीद, आणि दोन्हीकडे त्या खऱ्याचं काय होईल ते मला दिसत होतं. तरी मी ठरवलं, बोलायचं ते मशिदीत. निदान तिथे चपला काढून बसतात.

गुरुवारी मशिदीचं अंगण इतकं भरलं होतं की लोक हौदाच्या काठावर उभे होते. शेख साहेबांनी मला लाऊडस्पीकरपाशी नेलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, शहिदाचे वडील दोन शब्द बोलतील. बायकांच्या पडद्यामागून तूबाचा हुंदका आला; तो मी हजार हुंदक्यांत ओळखतो. मी म्हणालो, "माझ्या मुलाचं नाव इरज. त्याला कुणी मारलं नाही. तो काच नेत होता, वारा आला, काच फुटली. शाह वाईट आहे, तो वेगळा विषय. पण माझा मुलगा वाऱ्यानं गेला. तुम्ही हलवा खा, फातेहा म्हणा आणि घरी जा. मला दुसऱ्या कुणाचा चाळिसावा नको." इतकं बोललो. लाऊडस्पीकर खरखरला. अंगण गप्प झालं, आणि त्या दोन-तीन क्षणांत मला खरंच वाटलं की झालं, संपलं, आता लोक उठतील, आपापल्या चपला शोधतील. मग मागून एक आवाज आला: "बघा! सावाकनं म्हाताऱ्याच्या तोंडी काय घातलं बघा!" दुसरा म्हणाला, "मी पाहिलं, लष्कराच्या कचेरीतून येताना!" आणि सगळं अंगण रडायला लागलं. माझ्यावर चिडलं नाही कुणी. चिडले असते तर बरं झालं असतं. माझी दया आली त्यांना. एक धिप्पाड माणूस ढसाढसा रडत ओरडत होता, "मुलगा घेतला आणि बापाची जीभसुद्धा घेतली हरामखोरांनी!" रॉकेल मिळत नव्हतं त्या दिवसांत, ते मी ओतलं, पाणी समजून. मला बेहरूझ दिसला, पहिल्या रांगेत. मी लाऊडस्पीकर धरून ओरडलो, "बेहरूझ, सांग यांना! तू होतास! तुझे हात दाखव!" सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो उभा राहिला. तळवे छातीशी मिटलेले. त्याचा चेहरा असा झाला, की वाटलं आता बोलेल. इरजचा मित्र होता तो, त्याच्या रक्तात त्याचे हात बुडले होते, भिंतीवर उमटवायला नव्हे, शीर दाबायला. तो फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "माफ करा, उस्ताद." मग लोकांकडे वळला आणि जितकं ओरडता येईल तितकं ओरडला, "शहिदा, तुझी वाट आमची वाट!" आणि अंगण उठलं.

मी त्यांच्यामागे गेलो. दुसरं काय करणार? कब्रस्तानाकडे रस्ता वळतो त्या तिठ्यावर सैनिकांची रांग होती. बेहरूझ सगळ्यांच्या पुढे होता. तो नेहमी मागे असायचा. इरज सांगायचा की हा भित्रा आहे, घोषणा देतो पण बोळाच्या तोंडाशी उभा राहून. त्या दिवशी पुढे होता. मला वाटतं, माझ्याकडे पाठ असावी म्हणून पुढे होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि ते खरं असेल असंही नाही. वारा नव्हता. आवाज आला तो फटाक्यासारखा वगैरे नव्हता, काच सरळ रेषेत तुटते तेव्हा येतो तसा होता, कोरडा, एकदा, मग पुष्कळदा. लोक उलटे फिरले. माझ्या अंगावरून, बाजूनं पाय गेले, आणि मी पुन्हा पायांकडेच पाहत होतो. रस्ता रिकामा झाला तेव्हा मध्ये तो एकटाच पडला होता, तळवे वर करून, आणि ते व्रण स्पष्ट दिसत होते. यावेळी कुणी काही जोडायची गरज नव्हती. छातीत गोळी होती, खरी. वाऱ्याचा एकमेव साक्षीदार गेला होता, आणि मी त्याच्याजवळ बसून वेड्यासारखा मफलर शोधत होतो, माझ्या गळ्यात, त्याच्या गळ्यात. त्याचा मफलर इरजबरोबर गेला होता.

चार दिवसांनी दुकान उघडलं. बँकेच्या खिडकीला तोवर फळ्या ठोकल्या होत्या. ते काम मी घेतलं नाही. दुपारी एक बाई आली, खेड्यातली, डोक्यावर फुलाफुलांची चादर, हातात लाकडी चौकट. चादरीला द्राक्षांच्या मळ्यातल्या धुराचा वास होता. मी ओळखलं. डोळे तेच होते. "मी गुलअंदाम," ती म्हणाली, "बेहरूझची आई. फोटोला काच हवी. लोकांनी सांगितलं, तुमच्याकडेच जा." मी तिला बसवलं. चौकटीत बेहरूझ होता, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, मोठा केलेला. मी माप घ्यायला लागलो. ती दुकानभर बघत होती, उभ्या काचांमध्ये तिची पुष्कळ तोंडं दिसत होती. म्हणाली, "तो तुमच्याबद्दल फार बोलायचा. म्हणायचा, उस्ताद तापट आहेत, पण आपल्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत." मग म्हणाली, "तुमचा मुलगा आणि माझा मुलगा. गावातले लोक म्हणतात, तुमच्यानं माझ्याला बोलावून घेतलं. एकाच गोळीनं गेले ना दोघं? म्हणजे तशीच, त्यांचीच?"

हिऱ्याची लेखणी माझ्या हातात होती, काचेवर अर्धी रेष ओढून झाली होती. रेष अर्ध्यावर थांबवली तर काच वाया जाते, हे मी इरजला शंभरदा सांगितलं असेल. माझ्या घशात ते वाक्य तयार होतं, गुळगुळीत, सवयीचं. तिला सांगायचं की नाही बाई, माझा मुलगा वाऱ्यानं गेला, तुझ्या मुलाला ते माहीत होतं, दुसरं टोक त्याच्याच हातात होतं. म्हणजे तिला सांगायचं की तुझा मुलगा माझ्या मुलाच्या ज्या मरणासाठी मेला ते मरण झालंच नव्हतं. चाळीस दिवस मी ज्यासाठी सगळ्यांशी भांडलो, बायकोशी, मेजरशी, शेखशी, त्या पोराशी, ते सांगायची वेळ आली होती, आणि ऐकणारं माणूस समोर बसलं होतं, विश्वास ठेवणारं. पहिलंच. ती वाट पाहत होती, चादरीचं टोक दातांत धरून. तूबाही असंच धरते. मी रेष शेवटपर्यंत ओढली.

"हो, बाई," मी म्हणालो. "एकाच गोळीनं."

तिनं डोळे मिटले आणि तिचे खांदे उतरले, डोक्यावरचा भारा कुणी उतरवून घ्यावा तसे. मग म्हणाली, "चाळिसाव्याला याल ना? शेख साहेब म्हणाले, तुम्ही बोललं पाहिजे. तुम्ही बोललात तर लोक येतील."

मी काच चौकटीत बसवली, कडा अंगठ्यानं तपासल्या, मागून खिळे मारले. मग ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून सुतळी बांधून तिच्या हातात दिली. दार उघडलं तर समोरच्या भिंतीवरचा इरज कोपऱ्यातून सुटून फडफडत होता.

"येईन," मी म्हणालो. "आणि ही छातीशी घट्ट धरा. बाहेर वारा आहे."